परिशिष्टातला काणा कोंबडा

"माझ्या पोरांच्या चुका कुठायत? दिनकरा, माझ्या पोरांच्या चुका कुठं घातल्यास?"

अक्का, तू इतक्या मोठ्यानं ओरडलीस की मंजुनाथच्या झेरॉक्सच्या दुकानातली तिन्ही मशीनं आपोआप बंद पडली. म्हणजे, मंजुनाथनं दचकून बटणावर हात मारला होता. पण ही गोष्ट सांगताना मी तेव्हापासून 'आपोआप' असंच म्हणत आलोय, आणि आता खोडून काढायला तू नाहीस. बाहेर बसची वाट बघत उभ्या असलेल्या बायका आत डोकावल्या. एकीनं कन्नडात विचारलं, "पोरं हरवली का हो, अम्मा?"

"हो," तू म्हणालीस. "एकतीस."

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. तुला जाऊन अठरा दिवस झाले आणि या अठरा दिवसांत मी रिक्षावाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत दिसेल त्याला तुझ्या गोष्टी सांगत सुटलोय. दातांच्या डॉक्टरला तर तोंडात त्याचं यंत्र असताना सांगितल्या. त्याला काही कळलं नाही, पण डोळे त्याचेही ओले झाले. ही थाप आहे. माझेच झाले.

तर, मंजुनाथच्या काउंटरवर तुझ्या प्रबंधाच्या पाच प्रती बांधून तयार होत्या. काळी पाठ, वर सोनेरी अक्षरं. पॅलेस्टाइनच्या कथा-कादंबऱ्यांत माणसं इंग्रजी लिहायला कशी शिकतात, आणि ते लिहिताना त्यांच्यातला 'मी' कुठं जातो, हा तुझा विषय. बावन्नाव्या वर्षी घेतलेला, चार वर्षं घासलेला. शेवटी एक परिशिष्ट जोडलं होतंस: आपल्या कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या एकतीस पोरापोरींचे इंग्रजी निबंध, जसेच्या तसे, एकही चूक न सुधारता. तिकडच्या गोष्टींत जे घडतं ते आपल्या वर्गातही घडतं का, हे तू त्या निबंधांतून दाखवणार होतीस. त्या चुका हाच तुझा पुरावा होता. आणि भाषा एकदा नजरेखालून घाल म्हणून तू सगळं माझ्याकडं दिलंस, तेव्हा मी एकतीसच्या एकतीस निबंध सुधारून टाकले.

अगं, हाताला सवय! कॉलेजात कुणाची लग्नपत्रिका असो, प्राचार्यांचं भाषण असो, शिपायाचा रजेचा अर्ज असो, माझ्या हाताखालून गेल्याशिवाय पुढं सरकत नाही. या राज्यातले सगळे स्वल्पविराम मला घाबरून असतात. पहिली तीन पानं मला पक्कं आठवत होतं की हे परिशिष्ट आहे, याला हात लावायचा नाही. चौथ्या पानावर कुठंतरी विसरलो. मग रंगलोच. तिसऱ्या प्रकरणात तू त्याच निबंधांतली वाक्यं उतरवली होतीस, तीही चकचकीत केली.

रत्नाचं वाक्य घे. आनेकलची पोर, आई तिथल्याच कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला. 'माझी सकाळ' या विषयावर तिनं तिच्या तोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की सकाळ आमची नाही, सकाळ कंपनीच्या बसची आहे. मी त्याचं केलं: कारखान्याची बस लवकर येत असल्यामुळे आम्ही पहाटे उठतो. नाव ठेवायला जागा नाही! आणि त्याच्याखाली तुझी साडेतीन पानं, या पोरीनं सकाळची मालकी कोणाची हा प्रश्न कसा विचारलाय यावर. वाचणाऱ्याला वाटावं, बाईंना ऊन लागलंय. बस लवकर येते यात मालकी कुठून आली?

काउंटरवर तू सहज तेच पान उघडलंस. वाचलंस. मागचं परिशिष्ट उघडलंस. आणि ओरडलीस.

ओरडणं परवडलं. त्यानंतर एकदम हळू आवाजात म्हणालीस ते नाही परवडलं. "मी ज्याच्यावर प्रबंध लिहिला ना दिनकरा, तो मास्तर तूच आहेस रे."

त्या मास्तरावरून आपण किती भांडलो असू! कॉलेजसमोरच्या हॉटेलात, एका कॉफीचे दोन पेले करून, त्यातला भरलेला पेला नेहमी माझ्याकडं. मी म्हणायचो, "अक्का, तुला बेंगळुरूतल्या बनशंकरीत फर्स्ट स्टेज कुठं संपते आणि सेकंड कुठं सुरू होते ते सांगता येत नाही, आणि निघालीस पॅलेस्टाइनला! तुला अधिकार काय?"

"मी कुठं तिथलं सांगते? मी इथं बसून वाचते. आणि माझ्या वर्गात मी काय करते ते तपासते. तू स्वल्प ऐकून घे."

मग ती गोष्ट सांगायचीस. निर्वासितांच्या छावणीतली शाळा. एका मुलीला इंग्रजीत निबंध लिहायचाय, समुद्रकाठची सहल. समुद्र तासाभराच्या वाटेवर, पण तिकडं जायची तिला परवानगी नाही. पोर पुस्तकातली वाक्यं जोडून जोडून मऊ लाटा, सोनेरी वाळू, डब्यातली सँडविचं असा समुद्र लिहिते. मास्तर पैकीच्या पैकी गुण देतो. घरी आजी म्हणते, काय लिहिलंस ते आपल्या भाषेत सांग की. आणि पोरीला सांगता येत नाही, कारण आजीनं तो समुद्र पाहिलेला आहे.

इथं तू थांबायचीस. दर वेळी इथंच. मग म्हणायचीस, "तो मास्तर वाईट नव्हता रे. चांगला होता, मेहनती होता. तेच तर."

मी ऐकणारा नव्हतो. "अगं पण पोरांना नोकऱ्या पाहिजेत! मुलाखतीला बसल्यावर तुझ्या त्या प्रामाणिक चुका ऐकून कोण देणार? चुकांचं काय लोणचं घालायचंय?" यावर तुझ्याकडं पुरं उत्तर नव्हतं, हे तूच एकदा कबूल केलंस. बरोबर इंग्रजी शिकवायलाच पाहिजे, म्हणालीस. फक्त शिकवायच्या आधी एकदा विचारायला पाहिजे, हे कोण बोलतंय म्हणून. तुझं सगळं अध्यापन त्या एका प्रश्नात होतं. माझ्या हातात लाल पेन, तुझ्या हातात पेन्सिल. दर गुरुवारी पोरांकडून एक पान लिहून घ्यायचीस, आणि जिथं वाक्य पुस्तकातून उचलल्यासारखं वाटेल तिथं समासात बारीक इंग्रजी अक्षरांत तोच प्रश्न: हे कोण बोलतंय? गुण नाहीत, फुली नाही. कागद ज्याचा त्याला परत. "लिहिलेलं ज्याचं त्याचं," म्हणायचीस.

आपला वाद अर्धाच राहिलाय, अक्का. माझी बाजू मला अजून बरोबर वाटते. पण आता ती मांडायला बसलो की समोरचा पेला भरलेला आणि खुर्ची मोकळी.

तू इथली, तीन-चार पिढ्यांपासून बेंगळुरूची. मी निपाणीचा, थापा तंबाखूच्या वखारीएवढ्या. तुझं मराठी म्हणजे निम्मं ताक, निम्मं कानडी सारू. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये मी तुला सांगितलं की आमच्या गावात एक म्हैस होती, ती इंग्रजीत हंबरायची, आणि कलेक्टर आला की 'सर' लावायची. सगळे हसले. तू पेपर तपासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सरी." एवढंच. मी नवा होतो, मला वाटलं तुला पटलं. पुढं कळलं की तुझ्या त्या 'सरी'त ठीक आहे, चालू दे, मला कळलंय, आणि आता बस कर, हे सगळं असतं. बावीस वर्षांत माझी एकही थाप तू खोडली नाहीस. 'सरी' म्हणून बाजूला ठेवायचीस, लहान पोरानं आणून दिलेला दगड ठेवावा तशी.

एकदाच ते 'सरी' मला बोचलं होतं. पॅलेस्टाइनमधल्या एका शिक्षिकेशी तुझा मेलवर पत्रव्यवहार होता. ती तिच्या वर्गातले सराव तुला पाठवायची, तू तुझे तिला. मग तिकडं बॉम्ब पडायला लागले आणि तिची उत्तरं थांबली. रोज सकाळी हजेरीच्या आधी तू मेल उघडून बघायचीस आणि मिटायचीस. मी एक दिवस ठोकून दिलं, "अगं, तिकडं नेट नाही ना! माझ्या एका ओळखीच्या माणसाच्या ओळखीचा माणूस आहे तिथं. म्हणाला, त्या कॉलेजातले सगळे सुखरूप दुसरीकडं गेलेत." माझ्या ओळखीचं तिथं काळं कुत्रं नव्हतं. तू माझ्याकडं पाहिलंस. म्हणालीस, "सरी." आणि वर्गावर गेलीस. दुसऱ्या दिवशीही मेल उघडलीस. तिसऱ्याही.

असो. मंजुनाथच्या दुकानात होतो आपण.

मूळ फाइल? तू परिशिष्ट कॉलेजच्या लॅबमध्ये बसून टाइप केलं होतंस, आणि लॅबची मशीनं सुट्टीत पुसून कोरी करून टाकलेली. उरली ती एकुलत्या एका पेन ड्राइव्हवर, आणि तिच्यावरच मी माझी मर्दुमकी गाजवलेली. मूळ कागद? ज्याचे त्याला परत. तुझ्या मार्गदर्शक बाई फोनवर म्हणाल्या, "परिशिष्ट कोण वाचतं हो? देऊन टाका." मीही तेच म्हणालो, लाज वाटते सांगायला. तू मंजुनाथला म्हणालीस, "पाचही प्रती उसव."

मंजुनाथचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मॅडम, तीस वर्षांत मी बांधलेलं कुणी उसवायला लावलं नाही."

"तुझं बांधणं चांगलंच आहे रे, राजा. आतलं माझं नाही."

आणि निघालीस की तू! वैशाखाच्या उन्हात, पर्स काखेत मारून, एकतीस पोरांच्या चुका गोळा करायला. मी गुन्हेगार, म्हणून सोबत. त्या आनेकलच्या बसचं तर मी कॉलेजात कीर्तन करतो. चढलो तेव्हा माझे केस काळे होते. उतरेपर्यंत कंडक्टर मला ज्येष्ठ नागरिकांच्या जागेवर बसा म्हणायला लागला. वाटेत एका पोराला दात आले आणि दुसऱ्याची मुंज झाली. तू खिडकीशी बसून हसायचीस आणि हसता हसता छातीवर हात ठेवायचीस. मी तो हात बघितला. हसण्यामुळं आहे, असं मनात लिहून घेतलं. माझा लाल पेन तेवढ्या वेळी चालला नाही.

कागद मिळत गेले, हेच आश्चर्य. कुणाचा वहीच्या कव्हरात, कुणाचा देवाच्या तसबिरीमागं. एकाचा शेळीनं खाल्ला होता. ही थाप नाही, त्याच्या आईनं शेळी दाखवली. पोरानं निबंध तोंडपाठ म्हणून दाखवला, तू उभ्या उभ्या उतरवून घेतलास, आणि शेळीकडं बघून म्हणालीस, "हिनं निदान सुधारला तरी नाही." सगळं घर हसलं. मला काय हसू येतंय! पण आलं.

आषाढ-श्रावण असाच गेला. तीस जमले. राहिली रत्ना, आणि नेमकी तिच्यावरच तुझी साडेतीन पानं. तिच्या आईनं दारातच सांगितलं, पोरगी शहरात राहते, नंबर बदललाय, इंदिरानगरात काचेच्या इमारतीत कामाला आहे. आता इंदिरानगरात काचेची नसलेली इमारत शोधायची असती तर मी चुटकीसरशी शोधली असती! तू भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं तुझा नंबर लिहिलास. "आली की फोन करायला सांगा, अम्मा." मी माझा लिहायला गेलो तर म्हणालीस, "तुझा नको. तू फोनवरही सुधारशील."

मी तीन रविवार इंदिरानगर पालथं घातलं. प्रत्येक काचेत मलाच बघून आलो. तुझं चालणं तोवर कमी झालं होतं. कॉलेजच्या जिन्यावर मधल्या वळणाला थांबायचीस आणि नोटीस बोर्ड वाचल्यासारखं करायचीस. त्या बोर्डवर दोन महिने तीच नोटीस होती.

गणपती झाले आणि डॉक्टरांनी तुला दाखल व्हायला सांगितलं. आदल्या दिवशी फोनवर म्हणालीस, "रत्नाचं आता डोक्यातून काढून टाक, दिनकरा." मला वाटलं, तू आशा सोडलीस. बाईला मी इथवर आणलं. तेव्हाच निबंध तसेच जाऊ दिले असते, हात आवरला असता, तर एव्हाना तुझ्या नावाआधी डॉक्टर लागलं असतं. ते लागलं नाही ते माझ्यामुळं. हे वाक्य मी कितीदा तोंडाशी आणलं आणि त्याच्याजागी म्हैस सांगितली.

मग मी ते केलं. तुला आता सांगतो. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रत्नाचा निबंध मीच लिहिला.

पहिलं वाक्य पाठ होतं. बाकीचं आठवेना, म्हणून रचलं. अक्षर पोरीचं वाटावं म्हणून डाव्या हातानं लिहिलं. कागद जुना दिसावा म्हणून कॉफीच्या डिकॉक्शनमध्ये बुडवून गॅलरीत वाळवला. पण खरं संकट वेगळंच. अक्का, मला चुका करता येईनात! चूक लिहिली की हात आपोआप थांबायचा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून स्वतःची म्हणून एक चूक माझ्यापाशी उरली नव्हती. केली तीही अशी की तिच्याखाली नियम दिसावा. दोन दिवस घाम गाळला. शेवटी निबंध फारच पांढराफटक वाटायला लागला, तेव्हा राहवलं नाही आणि एक कोंबडा घातला. काणा कोंबडा. सूर्य दिसत नाही म्हणून तो कंपनीच्या बसचा हॉर्न ऐकून आरवतो. मला स्वतःला तो इतका आवडला की त्याला पूर्ण एक परिच्छेद दिला.

दवाखान्यात तू उशाला टेकून बसली होतीस. मला बघून चेहरा उजळला तुझा. "दिनकरा, ये, बस. तुला एक सांगायचंय—"

"तू नंतर सांग! आधी माझं ऐक!" मी ओरडलो. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "सापडला! रत्नाचा कागद सापडला!"

तू सरळ होऊन बसलीस. मग हात पुढं केलास.

वाचलंस. सावकाश, बोट फिरवत, पोरांचं वाचायचीस तसं. कोंबड्यापाशी आलीस आणि हसायला लागलीस. इतकी हसलीस की नर्स धावत आली आणि तिनं मला बाहेर काढायची धमकी दिली. डोळे पुसून म्हणालीस, "हा कोंबडा आधी होता का रे?"

"होता की! तू विसरलीस."

"सरी." कागद नाकाशी नेलास. "कॉफीचा वास येतोय."

"तिच्या आईच्या हातून सांडली होती."

"सरी," म्हणालीस. "पेन्सिल दे स्वल्प."

मी दिली. तू समासात काहीतरी लिहिलंस, कागदाची घडी घातलीस आणि उशाखाली ठेवलीस. मी तरंगत होतो. माझं ओझं उतरलं होतं ना! निघताना आठवलं म्हणून विचारलं, "तू काय सांगणार होतीस?"

"काही नाही रे. तू सांगितलंस ना सगळं."

आणि माझा हात धरलास. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पेन्सिलीचं शिसं लागलेली बोटं. मी त्यावरही काही विनोद केला. काय केला ते आठवत नाही, आणि आठवू नये.

त्यानंतर सहाव्या दिवशी, दसऱ्याच्या सुट्टीत, भावोजींचा फोन आला. तुझा नवरा बोलतो त्याहून कमी बोलणारा माणूस या शहरात नाही. म्हणाले, "ती गेली." मी म्हणालो, "कुठं?" बघ, अक्का. सगळ्या जन्मात इतका मूर्ख प्रश्न मी विचारला नव्हता. तुला आवडला असता. न सुधारलेला होता.

तेराव्यानंतर भावोजींनी तुझी फाइल माझ्या हातात दिली. डिपार्टमेंटनं ठरवलंय की पदवी नाही तर नाही, तुझ्या प्रबंधाची एक प्रत बांधून लायब्ररीत ठेवायची, आणि ती तयार करायचं काम माझ्याकडं. फाइलीला तुझी ती पांढरी नाडी, दुहेरी गाठ. नाडीखाली सगळ्यात वर सरकवलेलं माझं पान. समासात, नेमकं कोंबड्याच्या परिच्छेदाशी, तुझं पेन्सिलीतलं अक्षर: हे कोण बोलतंय? पोरांच्या कागदावर तू इंग्रजीत लिहायचीस. हे मराठीत होतं. म्हटलं, औषधांची गुंगी असेल. नाडी सोडायचा धीर झाला नाही. पान तेवढं ओढून घेतलं आणि तीन दिवस खिशात घेऊन फिरलो.

चौथ्या दिवशी कळलं की हे मी लायब्ररीत ठेवू शकत नाही. पॅलेस्टाइनच्या त्या पोरीचा समुद्र सांगण्यात जिनं चार वर्षं घालवली, तिच्या प्रबंधात माझा कोंबडा? उद्या कुणीतरी पोर ते वाचेल आणि आनेकलच्या सकाळीत काणा कोंबडा असतो असं लिहून घेईल. म्हणून पुन्हा त्या बसमध्ये चढलो. या खेपेला ती वेळेवर पोचली, काय सांगू. रत्नाच्या आईला तुझं कळलेलं होतं. कॅलेंडरवरचा तुझा नंबर तसाच होता. तिनं काही न विचारता पोरीच्या ऑफिसचा पत्ता दिला.

इंदिरानगरातली काचेची इमारत. मी त्या रस्त्यावरून तिन्ही रविवारी गेलो होतो. रत्ना तिथं खाली रिसेप्शनवर बसते. तिचं इंग्रजी, तुला सांगतो, माझ्यापेक्षा गुळगुळीत आहे. जेवणाच्या सुट्टीत बाहेर फुटपाथवर आली. मी तिच्या हातात पान दिलं. तिनं सगळं वाचलं, चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

"सर, हे कोणी लिहिलं?" कन्नडात विचारलं.

"मी."

"आमच्याकडं कोंबडा कधीच नव्हता."

"माहीत आहे," मी म्हणालो. आणि मग, अक्का, मी तिला सगळं सांगितलं. मंजुनाथचं दुकान, एकतीस निबंध, डावा हात, कॉफी, तुझी खाट. एक शब्द वाढवला नाही. वाढवायला काही सुचलंच नाही. म्हणालो, "तुझा तो जुना कागद असला तर दे, बाळ. नसला तर बस आणि पुन्हा लिही, तुला येईल तसं. त्याच्याशिवाय मॅडमचं पुस्तक पुरं होत नाही."

तिनं माझं पान तुझ्याच घडीवर घडी घालून परत दिलं. घड्याळात बघितलं.

"माझा कागद तर मॅडम गणपतीच्या आधीच इथं येऊन घेऊन गेल्या, सर."